स्वाइपचे दोन टक्के आणि आपला कॅशबॅक

रामबागची_रेवा

इंदूरकर मंडळी, जरा डोकं लावा. घरात नवीन फ्रिज घ्यायचाय. जेल रोड धरून चार-दोन दुकानांत चौकशी केली. सगळीकडे एकच पाठ: "रोख किंवा यूपीआय असेल तर ३८,५००. क्रेडिट कार्ड असेल तर वरती दोन टक्के." दोन टक्के म्हणजे ७७० रुपये. माझं कार्ड दुकानातल्या खरेदीवर एक टक्का कॅशबॅक देतं, म्हणजे ३८५. उरलेले ३८५ माझ्याच खिशातून. मग कॅशबॅक कसला?

ऑनलाइन तोच मॉडेल ३९,२०० ला दिसतोय. तिथे माझं कार्ड पाच टक्के देतं, पण महिन्याला हजार रुपयांची मर्यादा आहे. म्हणजे पडतो ३८,२००. पण जुना फ्रिज कोण नेणार, आणि दार उजव्या हाताला उघडतं की डाव्या, हे फोटोत कळत नाही.

मला विचारायचंय ते असं. दुकानदाराने हे दोन टक्के मागणं नियमात बसतं का? आणि किराणा, पेट्रोल, औषधं, सोनं या रोजच्या खरेदीत कार्ड नेमकं कुठे काढावं आणि कुठे पाकिटातच ठेवावं? "क्रेडिट कार्ड वाईट, तोडून टाक" हा सल्ला नको. तो माझ्याकडे सासरी-माहेरी दोन्हीकडून भरपूर जमा आहे.

विजयनगर_कोडर

सरळ बेकायदेशीर आहे. स्लिपचा फोटो काढ, बँकेकडे तक्रार ठोक, रिझर्व्ह बँकेला टॅग कर. दोन दिवसांत दुकानदार सरळ होतो.

निवृत्त_पासबुक

कोडरभाऊ, थोडं हळू. बँकेत नोकरी झाली म्हणून सांगतो, डेबिट आणि क्रेडिट ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि लोक ती एकाच पोत्यात भरतात.

डेबिट कार्डाबद्दल रिझर्व्ह बँक स्पष्ट बोललेली आहे. सप्टेंबर २०१३ च्या पत्रकात तिने म्हटलं की डेबिट कार्डावर दुकानदाराने टक्केवारीने वेगळा आकार लावणं समर्थनीय नाही, मशीन देणारी बँक आणि दुकानदार यांच्यातल्या करारातही ते बसत नाही, आणि असं करणाऱ्या दुकानाशी बँकेने संबंध तोडावेत. गंमत म्हणजे 'शून्य टक्के व्याजा'च्या ईएमआय योजनांचे कानही त्याच पत्रकात उपटले होते. पुढे ६ डिसेंबर २०१७ च्या पत्रकाने डेबिटवर दुकानदाराकडून किती घ्यायचं याची कमाल मर्यादा ठरवली, ती १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला फार तर २०० रुपये. त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के आणि फार तर १,००० रुपये. हा भार ग्राहकावर ढकलू नये, हेही त्यातच आहे. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआय यांचा दुकानदारावरचा आकार शून्य झाला.

क्रेडिट कार्डाला अशी कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही. दुकानदार आणि त्याची बँक आपसांत दर ठरवतात. त्यामुळे "बेकायदेशीर" म्हणून ओरडण्याऐवजी "तुमच्या मशीनच्या करारात हे चालतं का?" असं विचारावं. बहुतेक करारांत चालत नाही.

तक्रार करायचीच असेल तर कुणाकडे? आपल्या कार्डाच्या बँकेकडे नव्हे. स्लिपच्या माथ्यावर ज्या बँकेचं नाव छापलेलं असतं तिच्याकडे, कारण मशीन तिचं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

रामबागची_रेवा

काका, म्हणजे डेबिट कार्डावर मागितले तर भांडायचं, क्रेडिटवर मागितले तर गोड बोलायचं?

निवृत्त_पासबुक

भांडण दोन्हीकडे करता येतं, ताई. डेबिटच्या भांडणात रिझर्व्ह बँक उघडपणे तुमच्या बाजूला असते, एवढंच.

सियागंजवाला

आता जरा काउंटरच्या आतल्या बाजूचंही ऐका. माझं सियागंजात किराण्याचं ठोक दुकान आहे, वडिलांपासून. तेलाचे डबे, साखरेचे कट्टे, डाळी, पोहे.

साखरेच्या कट्ट्यावर मला सुटतं किती? टक्का, सव्वा टक्का. तेलाच्या डब्यावर कधी दोन, कधी भाव पडला तर उलटे खिशातून. माझ्या मशीनवर क्रेडिट कार्डाला पावणेदोन टक्के कापतात, वर जीएसटी. कोणी कंपनीचं कार्ड किंवा ते धातूचं चकचकीत भारी कार्ड काढलं तर कपात आणखी जास्त. वर मशीनचं महिन्याचं भाडं वेगळं. म्हणजे कट्टा विकून मी ग्राहकाला नमस्कार केला आणि बँकेला दक्षिणा दिली. कार्डवाल्याला ठोक भाव देणं मला परवडतच नाही.

साडीच्या दुकानात ही कुरकुर कमी का ऐकू येते? तिथे नफ्याचं माप मोठं असतं. पावणेदोन टक्के गेले तर शेठ हूं की चूं करत नाही, उलट कार्ड असलं की बाई एकीच्या जागी दोन साड्या घेते हे त्याला माहीत असतं. मोबाइल, फ्रिज, टीव्हीत नफा पातळ, सोन्यात दागिना भारी पण भावावरचा नफा पातळ, किराण्यात तर विचारूच नका. जिथे नफा पातळ तिथे 'दोन टक्के' ऐकू येतील. कोण लुटारू, कोण सज्जन याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

आणि लोक म्हणतात, रोख बरी. रोखीत माझं काय जात नाही? संध्याकाळी गल्ला मोजायला माणूस, फाटक्या नोटा, कधी एखादी खोटी, आणि चालू खात्यात ठरावीक मर्यादेपुढे रोख भरली की बँक तिथेही आकार लावते. माझ्या दृष्टीने सगळ्यात गोड यूपीआय. पैसे पूर्ण, आवाज लगेच.

सुदामानगरी

शेठ, मन मोकळं केलंत. पण पावणेदोन कापतात आणि मागता दोन, हे पाव टक्का कुणाचे? 😄

आकडेमोड

या पाव टक्क्याचं मी सांगते. मी सीए आहे, दुकानदारांचे रिटर्न भरणं हाच माझा धंदा.

कपात १.७५ टक्के. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे सव्वादोन नाही, २.०६ टक्के. दुकानदार म्हणतो, बघा, मला दोनच्या वर पडतं. पण दुकानदार नेहमीच्या जीएसटी पद्धतीत असेल तर त्या जीएसटीचं क्रेडिट त्याला परत मिळतं (स्वतःच्या करातून वजा करता येतं), म्हणजे त्याचा खरा खर्च १.७५ च. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या लहान दुकानदाराला हे क्रेडिट मिळत नाही, त्याचा खर्च खरंच २.०६. तेव्हा फ्रिजच्या मोठ्या दुकानाने दोन मागणं आणि कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाने दोन मागणं यात फरक आहे.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे आणि तो कुणी काढला नाही. रेवा, ते ७७० रुपये बिलात दाखवणार आहेत का? बहुतेक वेळा बिल ३८,५०० चं निघतं आणि मशीनवर ३९,२७० मारतात. जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे विक्रेत्याने मालासोबत जे काही आनुषंगिक खर्च म्हणून वसूल केलं ते मालाच्या किमतीतच धरायचं असतं. म्हणजे त्या ७७० वरही कर लागतो. फ्रिजच्या १८ टक्क्यांनी त्यातले ११७ रुपये सरकारचे. बिलात न दाखवलेले ७७० म्हणजे बिनबिलाची विक्री, भले ती रक्कम छोटी असेल.

तुझं नुकसान कुठे? फ्रिज खराब निघाला आणि परत केला, तर परतावा बिलाप्रमाणे ३८,५०० चा. ७७० गेले. आणि व्यवहार उलटला की बँक दिलेला कॅशबॅकही परत काढून घेते. म्हणून कार्डाने घ्यायचंच ठरलं तर "दोन टक्के बिलात लिहून द्या" एवढंच शांतपणे म्हणायचं. माझा अनुभव असा की या वाक्यानंतर दोनाचा एक होतो, कधी शून्यही होतो.

आणि उलट बाजूचं आमिष, "बिल नको असेल तर आणखी कमी करतो", त्याला हात लावू नका. पक्कं बिल नसेल तर कॉम्प्रेसरची वॉरंटी कुणाला दाखवणार?

विजयनगर_कोडर

हे भारी आहे. 'बिलात लिहून द्या' लक्षात ठेवलं.

पण मी माझ्या मुद्द्यावर आहे. सगळ्यांसाठी एकच भाव लिहायचा आणि कार्ड दिसलं की वाढवायचा, हे चुकीचंच. रोखीवाल्याला सूट द्या ना, कोण नाही म्हणतंय?

सियागंजवाला

भिया, ३९,२७० लिहून रोखीला ७७० सूट दिली की तुला चालतं, आणि ३८,५०० लिहून कार्डाला ७७० लावले की चालत नाही. माझ्या गल्ल्यात दोन्हीकडे तेवढेच पडतात.

आकडेमोड

गल्ल्यात तेवढेच, कागदावर नाही. बिलातच दाखवलेली सूट किमतीतून वजा होते, त्यावर कर लागत नाही. सूट देणं म्हणूनच सरळ मार्ग आहे.

डॉलरदेशी

मूळचा लोकमान्य नगरचा, आता न्यू जर्सीत. इथला किस्सा सांगतो, कारण कॅशबॅकचं माहेर इकडेच. डिस्कव्हर कार्ड १९८६ मध्ये आलं ते खर्चाचा काही भाग रोखीने परत देण्याचं वचन देतच.

इथे पूर्वी कार्ड कंपन्यांचे नियम दुकानदाराला वेगळा आकार लावू देत नसत. दुकानदारांनी खटले भरले, तडजोड झाली आणि जानेवारी २०१३ पासून क्रेडिट कार्डावर आकार लावायची मोकळीक मिळाली. व्हिसाने त्याला ३ टक्क्यांची मर्यादा घातली आहे (२०२३ पर्यंत ती ४ होती). आकार लावतो हे दारात आणि पावतीवर लिहावं लागतं. डेबिटवर लावता येत नाही. कनेटिकट, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत कायद्यानेच बंदी आहे. पेट्रोल पंपावर तर रोखीचा एक भाव आणि कार्डाचा दुसरा, दोन्ही फलकावर मोठ्या आकड्यांत.

आता माझ्या मते खरी गोष्ट. इथे डेबिट कार्डांवरही पूर्वी पॉइंट मिळायचे. २०१० च्या कायद्यानंतर २०११ मध्ये मोठ्या बँकांच्या डेबिटवरच्या आकाराला कमाल मर्यादा बसली, व्यवहारामागे २१ सेंट आणि रकमेच्या ०.०५ टक्के. लागलीच बहुतेक डेबिटवरचे पॉइंट गायब. क्रेडिटला मर्यादा नव्हती, तिथे दोन टक्के कॅशबॅक आजही मिळतो. युरोपात २०१५ च्या नियमाने बँकाबँकांतला आकार डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्क्यांवर आणला. तिथे राहणाऱ्या कुणाला कॅशबॅक विचारा, हसतील. ऑस्ट्रेलियातही २००३ मध्ये आकार कमी झाले आणि पॉइंट आटले.

म्हणजे कॅशबॅक ही बँकेची माया नव्हे. दुकानदाराकडून कापलेल्या रकमेतला एक तुकडा आपल्या हातावर ठेवतात.

रामबागची_रेवा

थांबा थांबा. दुकानदार तो आकार भावातच धरत असेल आणि सगळ्यांना एकच भाव लावत असेल, तर रोखीने घेणाऱ्या माझ्या सासूबाई माझा कॅशबॅक भरतायत?

डॉलरदेशी

थोडाफार, हो. त्यांना सांगू नका.

निवृत्त_पासबुक

इतकं सरळ नाही. शेठजींनीच वर सांगितलं, रोख सांभाळायलाही खर्च येतो. पण डॉलरदेशींचा मूळ मुद्दा बरोबर आहे. शंभर रुपयांच्या विक्रीत दुकानदाराच्या खात्यात ९८.२५ जातात. उरलेल्या पावणेदोनातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा, थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेचा, उरलेला मशीनवाल्या बँकेचा. मोठ्या वाट्यातून तुमचा एक रुपया निघतो. आणि पाच टक्के कॅशबॅक कुठून येतो? तो आकारातून भागूच शकत नाही. त्यात ऑनलाइन दुकानाचा वाटा असतो, किंवा जे लोक बाकी वेळेवर भरत नाहीत त्यांच्या व्याजातून येतो.

लष्करवाली_काकू

मी ग्वाल्हेरची. इतका वेळ वाचत होते, शेवटच्या वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने पाच टक्क्यांच्या नादात कार्ड घेतलं. वीस हजार बाकी पुढे ढकलली, 'किमान रक्कम' भरून. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे ७००, त्यावर जीएसटी १२६, एकूण ८२६. त्याचा कॅशबॅक त्या महिन्यात तीनशेच्या आसपास. आणि त्याला कळलंच नव्हतं की एकदा बाकी ठेवली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं, ते ४५-५० दिवसांचं बिनव्याजी कौतुक संपतं. मी त्याला बसवून कागदावर मांडून दाखवलं. म्हणे, काकू, ॲपमध्ये तर लाल अक्षरात फक्त किमान रक्कम दिसते!

वर्षाला ४२ टक्के होतात हो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा तिकडून आधार नाही. पूर्ण बाकी खात्यातून आपोआप कापली जाण्याची सूचना बँकेला देऊन ठेवा, मग टक्क्यांच्या गप्पा मारा.

सुदामानगरी

काकू, +१. आणि वार्षिक फी विसरू नका. ५०० अधिक जीएसटी म्हणजे ५९०. एक टक्क्याच्या कार्डावर ५९,००० खर्च केले की फी निघते, त्यापुढे कमाई सुरू. पॉइंटवाल्या कार्डांत तर एक पॉइंट चार आण्यांचा, आणि वटवायला गेलात की ९९ रुपये अधिक जीएसटी वटवणावळ घेणाऱ्या बँकाही आहेत.

आता पेट्रोलचं कुणी सांगा. मी स्कूटर कार्डाने भरतो.

आकडेमोड

स्कूटर कार्डाने भरू नका!

पेट्रोल पंपावर क्रेडिट कार्डाला एक टक्का सरचार्ज आणि त्यावर जीएसटी. बऱ्याच बँका हा सरचार्ज परत करतात, पण ठरावीक रकमेच्या दरम्यानच, साधारण ४०० ते ५,००० (काहींची खालची-वरची सीमा वेगळी आहे, आपली तपासा). परत मिळतो तो फक्त सरचार्ज, त्यावरचा जीएसटी नाही. कारमध्ये २,००० चं भरलं तर २० रुपये आणि ३.६० जीएसटी कापतात. २० पुढच्या बिलात परत येतात, ३.६० जातात. स्कूटरमध्ये ३०० चं भरलं तर ते सीमेच्या खालीच, ३.५४ पूर्ण गेले. वर बहुतेक कार्डं पेट्रोलवर कॅशबॅकच देत नाहीत. तेल कंपन्यांसोबत काढलेली कार्डं याला अपवाद, पण ती रोज गाडी पळवणाऱ्याला.

निवृत्त_पासबुक

नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये पंपावर कार्डाने भरलं तर ०.७५ टक्के सूट सुरू झाली होती, आठवतं का? महिनाभरात, जानेवारी २०१७ मध्ये, बँकांनी एक टक्का पंपवाल्यांवर टाकायचं ठरवलं आणि पंपवाल्यांनी कार्डच बंद करू म्हणून इशारा दिला. सरकारला मध्ये पडावं लागलं. क्रेडिट कार्डावरची ती सूट १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. म्हणजे पंपावर कार्ड काढलं की आधी पैसे मिळत होते, आता जातात.

मांडवीपार

बडोद्याहून हजेरी. इकडे मांडवीच्या बाजारात दोन टक्क्यांचा प्रश्नच येत नाही. मशीन 'बिघडलेलं' असतं. कायमचं.

विजयनगर_कोडर

😂 आमच्याकडे नेट नसतं.

आता कामाचं. यूपीआयवर रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं, सप्टेंबर २०२२ पासून. मी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जिलबीही त्यानेच घेतो. क्यूआर स्कॅन केला, खात्याऐवजी कार्ड निवडलं, झालं. लहान दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत त्याची कपात शून्य, मला एक टक्का. दोघेही खूश. रोजच्या चिल्लर खर्चाला याहून चांगलं काही नाही.

अडचण एक. दुकानाचा क्यूआर माणसाच्या खासगी खात्याचा असेल तर कार्ड चालत नाही, ॲप नाही म्हणतं. भाजीवाल्यांचे बरेच क्यूआर तसे असतात.

सियागंजवाला

आणि जो लहान दुकानदार नाही त्याच्यावर कपात बसते. ग्राहक म्हणतो "यूपीआयच केलं", आवाजही तसाच येतो, दुसऱ्या दिवशी खात्यात बघतो तर पैसे कमी. माझ्या शेजाऱ्याने त्यापायी काउंटरवर पाटी लावली आहे: यूपीआय चालेल, यूपीआयवरचं क्रेडिट कार्ड चालणार नाही. मला पाटी पटत नाही, पण त्याचा संताप पटतो. कोडरभाऊ, मोठ्या रकमेला कार्ड आहे हे आधी सांगत जा.

विजयनगर_कोडर

सांगेन शेठ. पोह्यांना नाही सांगत.

अन्नपूर्णा_रोड

सोन्याचं राहिलं. मुलीचं लग्न आहे, सराफ्यात तीन लाखांपर्यंतची खरेदी. सराफ कार्डाला दोन टक्के म्हणतोय. माझ्या कार्डाच्या ॲपमध्ये 'मोठ्या खर्चावर बोनस' दिसतोय. घ्यावं का?

आकडेमोड

तीन लाखांवर दोन टक्के म्हणजे ६,०००. तेवढा बोनस मिळतोय का ते आधी बघा. दुसरं, अनेक कार्डांत दागिने कॅशबॅकच्या यादीतून वगळलेले असतात. प्रत्येक दुकानाच्या मशीनला धंद्याचा एक चार आकडी कोड असतो, सराफाचा ५९४४, पेट्रोल पंपाचा ५५४१, किराण्याच्या मोठ्या दुकानाचा ५४११. कॅशबॅक द्यायचा की नाही हे बँकेचं यंत्र तो कोड बघून ठरवतं, तुम्ही काय घेतलं ते बघून नव्हे. घरभाडं, वॉलेट भरणं, सरकारी भरणा, विमा हेही बहुतेक ठिकाणी असेच बाहेर. काही बँका तर घरभाड्यावर उलट एक टक्का घेतात.

तीन लाख रोखीने तर देऊच नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्याखाली तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, सराफ स्वतःच घेणार नाही. सरळ एनईएफटी करा. बचत खात्यातून ऑनलाइन केलं तर १ जानेवारी २०२० पासून त्याला शुल्क नाही, सराफाची कपात शून्य. मग त्या जोरावर घडणावळीत घासाघीस करा. दोन टक्क्यांपेक्षा घडणावळीत जास्त सुटेल, आणि पॅन न्यायला विसरू नका.

अन्नपूर्णा_रोड

घडणावळीवर घासाघीस सौ. करतील. त्यांच्यासमोर सराफ टिकत नाही. आभार.

खजुरी_बाजार

अवांतर: सराफ्यात दिवसा सोनं आणि रात्री खाऊगल्ली, मक्याचा भुट्टे का कीस. रात्रीवाल्यांकडे दोन टक्के कुणी मागत नाही.

सुदामानगरी

तिथे क्यूआर खासगी असतो. कोडरभाऊ उपाशी परतणार.

रामबागची_रेवा

बरं, आता माझ्या फ्रिजचं सांगते, कारण धागा पेट्रोल-पोहे-सराफा फिरून आला. आकडेमोडताईंचं वाक्य वापरलं, "दोन टक्के बिलात लिहून द्या". दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मालकाकडे बघितलं. मालक म्हणाला, कार्ड राहू द्या, यूपीआय करा, ३८,००० लावतो आणि जुना फ्रिज आम्ही उचलतो. ऑनलाइनपेक्षा दोनशे कमी, दार हवं त्या बाजूचं, बिल पक्कं. कॅशबॅक शून्य.

कार्ड आता वीज बिल, औषधं आणि मॉलमधल्या महिन्याच्या किराण्याला ठेवलंय. तिथे कुणी वर मागत नाही. पूर्ण बाकी खात्यातून आपोआप कापायचीही सोय केली, ग्वाल्हेरच्या काकूंच्या धाकाने.

एकच शंका, शेठजींना. फ्रिज उद्या येतोय. पैसे आधी भरले आहेत. काही लक्षात ठेवायचं?

सियागंजवाला

बिलावर यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून घ्या, मॉडेलचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घ्या. जुना फ्रिज रात्रीच बंद करून, बर्फ वितळवून, पुसून ठेवा. तुमचा मजला कितवा? तिसरा असेल आणि लिफ्ट नसेल तर 'उचलतो' मध्ये हमाली धरली आहे का ते आजच फोन करून विचारा. हमाल कार्ड घेत नाहीत.